सोयुझ रोलआउटचा मॉडेल संच : गाडी उत्तम, कारखाना मात्र गायब

परळ वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात डब्यांचे आराखडे काढण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे, रुळांवरून जाणारी कोणतीही वस्तू दिसली की माझे लक्ष आधी तिच्या चाकांकडे जाते आणि मग उरलेल्या गोष्टींकडे. फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मॉडेलचे सामान विकणारे लहानसे दुकान आहे. तेथे जूनमधल्या एका पावसाळी दुपारी, ओली छत्री कुठे टेकवावी या विवंचनेत असताना, काउंटरमागे एक लांबट खोका दिसला. त्यावर रुळांवर आडवा पडलेला रशियाचा सोयुझ प्रक्षेपक, म्हणजे सोयुझ यान वाहून नेणारा अग्निबाण, त्याखाली मालगाडीसारखी लांब गाडी आणि पलीकडे उघड्या पाकळ्यांसारखा प्रक्षेपण मंच असे चित्र होते. खोका मी ७,४०० रुपयांना घेतला. माणसांना घेऊन जाणारे यान जुळणीच्या इमारतीतून प्रक्षेपण मंचाकडे कसे नेतात, म्हणजेच रोलआउट कसा होतो, हे घरबसल्या हाताने करून पाहता येईल, असा या संचाचा दावा आहे. हा दावा कितपत खरा आहे, एवढेच येथे लिहायचे आहे. तक्रारींबाबत पत्रव्यवहार अजून चालू असल्यामुळे उत्पादकाचे व दुकानाचे नाव देत नाही.

संच १:१०० या प्रमाणातला आहे. प्रक्षेपक सोयुझ-एफजी आहे, म्हणजे २००२ ते २०१९ या काळात कझाकस्तानातल्या बैकानूर तळावरून अंतराळवीरांना नेणारा, सुमारे साडेएकोणपन्नास मीटर उंचीचा. त्यामुळे मॉडेल जुळवल्यावर अर्ध्या मीटरला जेमतेम कमी भरते. प्लॅस्टिकचा दर्जा चांगला आहे, साच्याच्या कडा स्वच्छ आहेत आणि तुकडे चौकटीतून कापताना फारसे ओरखडे पडत नाहीत. सर्वांत जास्त मेहनत इंजिनांवर घेतलेली दिसते. खऱ्या प्रक्षेपकाच्या बुडाशी पाच इंजिने असतात, प्रत्येक इंजिनाला चार ज्वलनकक्ष असतात, म्हणजे वीस मोठी तोंडे झाली. शिवाय दिशा सांभाळणारी बारा लहान तोंडे असतात. माझा आठवीतला भाचा चिमटा घेऊन बसला आणि त्याने बत्तीसही तोंडे मोजून बसवली. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये ही बारा लहान तोंडे साच्यातच एकजीव करून टाकलेली असतात. येथे ती सुटी आहेत, आणि त्यांपैकी एक आमच्या खोक्यात नव्हते. त्याची हकीकत पुढे येईल.

यान स्वतः साडेसात सेंटिमीटर लांबीचे आहे. पुढचा गोलसर कक्ष, मधला घंटेच्या आकाराचा परतीचा कक्ष आणि मागचा यंत्रकक्ष असे तीन भाग वेगवेगळे जुळवावे लागतात व सौरपंखे घडी करून चिकटवावे लागतात. इतक्या लहान आकारातही मधल्या कक्षाच्या झडपेची कड आणि पुढच्या टोकाचा जोडणीचा दांडा नीट ओळखू येतो. मात्र इथपर्यंत आल्यावर संचाची खरी उणीव ध्यानात येते. सूचनापुस्तिकेत यानाची जुळणी एका पानात उरकली आहे आणि पुढचे पान उलटले की ते थेट प्रक्षेपकाच्या टोकावर जाऊन बसलेले आहे. मधले सगळे गायब आहे.

हे मधले म्हणजेच खरी तयारी. सोयुझ यान मॉस्कोजवळच्या कारखान्यातून रेल्वेने बैकानूरला येते आणि तेथील २५४ क्रमांकाच्या स्थळावर, जी इमारत एके काळी बुरान या सोव्हिएत शटलसाठी बांधली होती तिथे, त्याच्या तपासण्या चालतात. यान निर्वात कक्षात ठेवून कुठून हवा गळते काय ते पाहतात. रेडिओलहरी शोषून घेणाऱ्या भिंतींच्या खोलीत त्याची जोडणीची रडारयंत्रणा तपासतात. सौरपंखे उघडून बघतात आणि त्यांच्यावर दिवे टाकून वीज तयार होते की नाही तेही बघतात. अंतराळवीर स्वतः दाबपोशाख घालून यानात जाऊन बसतात, एकदा प्रक्षेपणाच्या सुमारे दोन आठवडे आधी आणि पुन्हा अगदी शेवटी. आपापल्या शरीराच्या साच्यावरून केलेल्या आसनात हात कुठवर पोहोचतो, कोणती पिशवी कुठे बांधली आहे, हे त्यांना तेव्हाच कळते. पहिल्या वेळेनंतर यान इंधन भरण्याच्या वेगळ्या ठिकाणी नेतात. तेथे जे भरतात ते एकमेकांना भेटताच पेट घेणारे विषारी द्रव असतात, म्हणून एकदा ते भरले की यान पुन्हा पहिल्यासारखे उघडून बसता येत नाही. वेळापत्रक तिथून पुढेच सरकते.

पुस्तिकेच्या लेखकाला हे ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही, कारण खोक्यात जुळणीच्या इमारतीचे चित्र असलेला एक पुठ्ठ्याचा पडदा दिलेला आहे. तो मागे उभा करायचा. नाटकातल्या राजवाड्यासारखा तो दिसतो, आत शिरता येत नाही. दोन जादा चौकटी आणि यान उभे ठेवण्याचा एक साधा ठोकळा दिला असता तरी २५४ क्रमांकाच्या स्थळाची कल्पना देता आली असती. उत्पादकाने खर्च इंजिनाच्या रंगावर आणि खांबांवरच्या दिव्यांवर केला आहे. हिशेबात तो मला चुकीचा वाटतो, पण दुकानातला मुलगा म्हणाला की लोक दिवे बघूनच खोका उचलतात, आणि त्याचे म्हणणे खोटे नसावे.

यानावर चढणाऱ्या संरक्षक कवचाची, म्हणजे फेअरिंगची, गोष्टही अशीच अर्धवट आहे. संचात ते दोन उभ्या अर्ध्या भागांत मिळते आणि यानाच्या दोन्ही बाजूंनी लावून खटकन बसवायचे असते. उड्डाणात ते दोन भागांत फुटून बाजूला पडते हे बरोबर आहे, पण चढवताना तसे चढवत नाहीत. यान प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याशी जोडणाऱ्या भागावर बसवून आडवे करतात आणि अखंड कवच त्याच्यावरून हळूहळू सरकवत नेतात, उशीवर अभ्रा चढवावा तसे, फक्त येथे अभ्रा टणक असतो आणि उशीला कुठेही घासून चालत नाही. हे सरकवणे मॉडेलमध्ये दाखवता आले असते. दोन पट्ट्यांचा मार्ग पुरला असता. कवचाच्या खालच्या अंगाला चार जाळीदार पंखे असतात, जे केवळ आपत्कालीन सुटकेच्या वेळी उघडतात. तेही येथे न हलणारे आहेत. या प्रमाणात ते हलते असावेत अशी अपेक्षा करणे थोडे जास्तच होईल, म्हणून त्याबद्दल गुण कापत नाही.

आता ज्या जागी संच मला सर्वांत जास्त आवडला तिथे येते. प्रक्षेपकाच्या मधल्या मुख्य खांबाभोवती जे चार बाजूचे प्रक्षेपक लागतात, त्यांचे वरचे निमुळते टोक खांबावरच्या खोबणीत बसते आणि खालचा भाग आडव्या बंधांनी बांधला जातो. संचाने ही रचना तशीच ठेवली आहे, सरळ डिंकाने चिकटवा असे सांगून मोकळे झालेले नाहीत. चौथा बाजूचा प्रक्षेपक बसवताना टोक खोबणीत जाईना. साच्याची एक बारीक कड राहिली होती. मी जरा जोर लावला, तो आत गेला, पण गुण्या लावून पाहिला तर किंचित कलंडलेला होता.

"मावशी, चालेल की. लांबून कुठे दिसतंय?" भाचा म्हणाला.

मी तो बाहेर काढला, कड पॉलिशपेपरने घासली आणि घासता घासता त्याला ११ ऑक्टोबर २०१८ ची हकीकत सांगितली. त्या दिवशी सोयुझ एमएस-१० हे यान अलेक्सी ओव्चिनिन आणि निक हेग या दोघांना घेऊन निघाले. सुमारे दोन मिनिटांनी चार बाजूचे प्रक्षेपक सुटायची वेळ आली, तेव्हा तीन नीट सुटले आणि एकाचे टोक दूर न होता मधल्या खांबावर आदळले. चौकशीत निघाले ते असे, की टोक खोबणीतून बाहेर आल्याची खूण देणाऱ्या संवेदकाची लहानशी दांडी जुळणीच्या वेळी पावणेसात अंश वाकली होती. खूण न मिळाल्यामुळे टोकाला बाजूला ढकलणारी प्राणवायूची झडप उघडली नाही. संकटात यान ओढून काढणारा टोकावरचा सुटकेचा मनोरा तोवर टाकून दिलेला होता, तरी कवचावरच्या लहान रॉकेटांनी यान खेचून बाजूला काढले आणि दोघेही सुखरूप उतरले. दांडी वाकली ती जागा प्रक्षेपण मंच नव्हे, जुळणीची इमारत होती. तेथून प्रक्षेपक रुळांवरून निघाला तेव्हा बघणाऱ्यांना तो सरळच दिसला असणार. भाच्याने त्यानंतर उरलेले तीनही प्रक्षेपक स्वतःहून काढून पुन्हा गुण्याने तपासले. संचाच्या मांडणीला श्रेय द्यायचे तर ते येथे द्यावे लागेल: जोड खरा असल्यामुळेच ही गोष्ट सांगता आली.

गाडीकडे वळते. रोलआउटच्या दिवशी सकाळी सात वाजता इमारतीचे दरवाजे उघडतात आणि माणसाच्या चालीने गाडी निघते. प्रक्षेपक आडवा असतो आणि आधी बाहेर येतात ती इंजिने. नाक मागे असते. भाच्याला हे उलटे वाटले. मंचावर पोहोचल्यावर बूड मंचाखालच्या खड्ड्यावर आणून मग नाक वर उचलायचे असते, त्यामुळे दुसरी सोय नाही, हे गाडी जुळवल्यावर त्याचे त्यालाच उमगले. ज्या अंतराळवीरांना जायचे असते ते हा सोहळा पाहत नाहीत, तो अपशकुन मानतात आणि त्या वेळेत केस कापून घेतात. बाकीची मंडळी रुळांवर नाणी ठेवून ती चपटी करून घेतात. पुस्तिकेत हे सगळे आहे आणि चांगले लिहिले आहे.

रुळांच्या बाबतीत मात्र माझ्यासारखीच्या नजरेतून एक गोष्ट सुटणे शक्य नव्हते. रशियन रुळांमधले अंतर १,५२० मिलिमीटर असते, तेव्हा या प्रमाणात ते १५.२ मिलिमीटर हवे. व्हर्नियर लावला तर साडेसोळा आले. खेळण्यातल्या आगगाड्यांचे तयार रूळ बाजारात याच मापाचे मिळतात आणि उत्पादकाने तेच उचलून घातले आहेत, हे उघड आहे. गंमत अशी की शंभराने गुणल्यावर हे अंतर १,६५० मिलिमीटर होते आणि आपल्या ब्रॉडगेजचे माप १,६७६ आहे. म्हणजे खोक्यातली सोयुझ कझाकस्तानच्या माळरानापेक्षा परळ-करी रोडच्या रुळांना अधिक जवळची आहे. याबद्दल तक्रार करावी की अभिमान बाळगावा, हे मी अजून ठरवलेले नाही.

नाक वर उचलणारी यंत्रणा हा संचातला सर्वांत महागडा आणि सर्वांत कच्चा भाग आहे. गाडीवरची चौकट पाण्याने भरलेल्या दोन लहान पिचकाऱ्यांनी वर जाते, कल्पना फार चांगली आहे आणि खऱ्या हायड्रॉलिक जॅकची चाल तिच्यातून नेमकी कळते. आमच्या संचातल्या एका पिचकारीचे रबर पहिल्याच दिवशी गळू लागले. प्रक्षेपक साठ अंशांपर्यंत जाई आणि मग दमल्यासारखा परत खाली येई. शेवटी नाक्यावरच्या औषधांच्या दुकानातून दहा मिलिलिटरच्या दोन सिरिंज आणल्या, नळीची तोंडे गरम पाण्यात मऊ करून त्यांच्यावर चढवली आणि काम झाले. साडेसात हजारांच्या वस्तूत दहा-वीस रुपयांच्या सिरिंजने जीव यावा, हे काही बरे नाही.

येथे भाच्याने एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर पुस्तिकेत कुठेही नाही आणि असायला हवे होते: एवढा अजस्र प्रक्षेपक आडवा करून नेताना वाकत कसा नाही? उत्तर असे, की तो तेव्हा जवळजवळ रिकामा असतो. टोकावरचे यान इंधनाने भरलेले, आणि त्याला उचलणारा प्रक्षेपक कोरडा, अशी ही वरात असते. केरोसीन आणि द्रव प्राणवायू मंचावर, उड्डाणाच्या आधीच्या काही तासांत भरतात. भरल्यावर त्याचे वजन तीनशे टनांवर जाते. इस्रोच्या एलव्हीएम-३ या आपल्या प्रक्षेपकाचे तसे नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे टन घन इंधनाचे खांब असतात, ते जुळणीच्या वेळी भरलेलेच येतात, म्हणून श्रीहरिकोट्याला तो उभाच जुळवतात आणि उभाच रुळांवरून मंचाकडे नेतात; गगनयानही याच प्रक्षेपकावरून जायचे आहे. अमेरिकेत १७ जानेवारी २०२६ रोजी आर्टेमिस-२ या चांद्रमोहिमेचा ९८ मीटर उंच प्रक्षेपक असाच उभ्याने साखळीच्या पट्ट्यांच्या प्रचंड वाहनावरून निघाला आणि सुमारे साडेसहा किलोमीटरला त्याला जवळजवळ बारा तास लागले. परळच्या चित्रशाळेतून मंडपाकडे निघालेली उंच गणेशमूर्ती ज्यांनी पाहिली आहे, बांबूने तारा उचलून धरणारी मुले आणि दर वळणावर थांबणारी ट्रॉली पाहिली आहे, त्यांना उभी वस्तू नेण्यातली धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. सोयुझची आडवी वरात त्यामानाने निवांत असते.

मंचाची रचना मनापासून आवडली. खरा सोयुझ बुडावर उभा राहत नाही. बाजूचे प्रक्षेपक जिथे मधल्या खांबाला मिळतात तिथे, कमरेशी धरून, चार पोलादी बाहूंवर तो लोंबकळत असतो आणि बूड खड्ड्यात उतरलेले असते. या बाहूंना रशियन लोक ट्युलिप म्हणतात. प्रक्षेपक उचलला गेला की भार सुटतो आणि प्रतिवजनामुळे ते आपोआप मागे पडतात, त्यासाठी मोटार लागत नाही. संचात स्प्रिंग न घालता प्रत्येक बाहूच्या टोकाला छऱ्यांची पुडी दिली आहे. बोटाने प्रक्षेपक अलगद वर उचलला की चारही पाकळ्या एकदम उघडतात, आणि हे आम्ही पहिल्या संध्याकाळी निदान तीस वेळा करून पाहिले असेल. मंचाखाली आत-बाहेर सरकणारा कामगारांचा फलाटही दिला आहे. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी सोयुझ एमएस-२८ च्या उड्डाणात बैकानूरच्या ३१ क्रमांकाच्या मंचावरचा असाच फलाट खड्ड्यात कोसळला होता, म्हणून तो मी खिळ्याने पक्का केला आहे.

एक चूक मात्र दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मंचाला युरी गागारिन यांचा मंच म्हटले आहे, ते ठीक. १२ एप्रिल १९६१ ला ते तिथूनच गेले. पण त्याखाली भारतीय ग्राहकांसाठी जोडलेल्या ओळीत राकेश शर्मा हेही याच मंचावरून गेले असे छापले आहे. ते खरे नाही. २६ सप्टेंबर १९८३ रोजी गागारिन यांच्या मंचावर उड्डाणाच्या काही क्षण आधी प्रक्षेपकाला आग लागली, सुटकेच्या मनोऱ्याने व्लादिमीर तितोव आणि गेनादी स्त्रेकालोव यांना यानासह ओढून काढले, मंचाचे मात्र मोठे नुकसान झाले. म्हणून ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ ३१ क्रमांकाच्या मंचावरून गेले. त्यात युरी मालिशेव आणि राकेश शर्मा यांच्या शेजारी तिसरे कोण बसले होते, तर तेच स्त्रेकालोव. जळत्या प्रक्षेपकावरून सुटलेला माणूस सव्वासहा महिन्यांत त्याच जातीच्या प्रक्षेपकावर पुन्हा चढून बसतो, ही गोष्ट भारतीय ग्राहकांना सांगायची सोडून त्यांनी चुकीचा मंच सांगितला.

दुकानाच्या सेवेबद्दल थोडक्यात. हरवलेल्या तोंडासाठी मी खोक्याचा फोटो पाठवला, त्याला दुसऱ्या दिवशी नम्र उत्तर आले आणि तुकडा पाच आठवड्यांनी आला. तोपर्यंत आम्ही रिकाम्या रिफिलच्या टोकापासून एक तोंड घडवून बसवले होते, ते आता खऱ्यापेक्षा बरे दिसते म्हणून तसेच ठेवले आहे. गळक्या पिचकारीबद्दल मात्र ती उपभोग्य वस्तू असल्याचे कळवण्यात आले. त्यावर मी जे पत्र लिहिले आहे त्याच्या उत्तराची वाट पाहते आहे.

बारा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने हा संच देऊ नये. मोठे कोणी सोबत बसणार असेल, आणि २५४ क्रमांकाच्या स्थळावरची कामे स्वतः बोलून भरून काढणार असेल, तरच पैसे वसूल होतात. घेण्यापूर्वी घरातली जागा मोजावी. गाडी, रूळ आणि मंच मिळून लांबी सव्वा मीटर होते; आमच्या दोन खोल्यांत एवढा सलग कट्टा फक्त शिवणयंत्राच्या वर खिडकीपाशी निघाला. तिथे पागोळ्यांचे पाणी येते म्हणून प्रक्षेपक उभा करून ठेवावा लागतो आणि रोज रात्री भाच्याचा फोन येतो, पाकळ्या मिटल्या आहेत ना, हे विचारायला.